अलेक्झांड्रियात पाऊस पडत होता

दाजी, मी तुमच्याशी खोटं बोललो. अलेक्झांड्रियात पाऊस पडत होता. मी उतरलो त्या दुपारपासून निघालो त्या सकाळपर्यंत तो थांबून थांबून पडतच होता, आणि मी डोक्यापासून बुटापर्यंत भिजलो होतो. परत आल्यावर सेलूच्या आमच्या शेतात, हुरड्याच्या आगटीभोवती बसलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर मी सांगितलं की तिथं थेंबही नाही, आभाळ कोरडं ठणठणीत आहे आणि तुमचं पुस्तक आता जुनं झालंय. सगळे हसले. तुम्हीही हसलात.

तुम्हाला जाऊन आता पंधरवडा होत आला. तुमच्या नोकरीचं, तुमच्या विद्यार्थ्यांचं, तुमच्या साधेपणाचं कोणीतरी लिहील, आणि ते खरंच असेल. मला ते लिहायचं नाही. मला त्या पावसाचं लिहायचंय. तो मी तुमच्यापासून लपवला आणि तुम्ही तो न ऐकताच गेलात.

सोनपेठला तुम्ही आयुष्यभर भूगोल शिकवलात आणि समुद्र एकदाही पाहिला नाहीत. मुंबईला गेलात तेही एका लग्नाला. कार्यालयातून परस्पर स्टेशनवर आलात. पण भूमध्य समुद्राच्या काठावरचं ते जुनं शहर तुम्हाला आपल्या गल्लीसारखं पाठ होतं. पाठ्यपुस्तकात त्या हवामानावर एवढासा मजकूर होता. उन्हाळे कोरडे, हिवाळे पावसाचे. पोरांना ते पटायचं नाही. ‘सर, थंडीत पाऊस? मंग तिथली ज्वारी काळी पडत असंल की!’ हे दर वर्षी कोणीतरी म्हणायचंच आणि दर वर्षी तुम्ही तितकेच खूश व्हायचात. तुम्ही फळ्यावर वर समुद्र काढायचात, खाली तळं, आणि दोघांच्या मधे खडूची एक आडवी जाड पट्टी. ‘हे गाव बघा. दोन पाण्यांच्या मधे चटई अंथरल्यासारखं. लांबी भरपूर, रुंदी काहीच नाही.’ मग समुद्रात एक बेट काढायचात आणि चटईपासून बेटापर्यंत एक रेघ. माणसांनी बांध घालून बेट जमिनीला जोडलं. बांधाच्या दोन्ही बाजूंना गाळ साचत गेला आणि बांधाचीच जमीन झाली. रेघेच्या या बाजूला एक बंदर, त्या बाजूला दुसरं. हे सांगताना तुमचा खडू हमखास मोडायचा.

दहावीच्या वर्षी मी सोनपेठला अक्काकडं, माझ्या मोठ्या बहिणीकडं राहायचो. मलाही तुम्हीच शिकवलं होतं, आणि मी नापास झालो होतो. भूगोलातसुद्धा. तुमचं तेव्हा अक्काशी नुकतंच लग्न झालं होतं. माझे वडील माझ्याशी बोलेनासे झाले तेव्हा तुम्ही मला सायकलवर बसवून सेलूच्या जिनिंगमध्ये घेऊन गेलात आणि तिथल्या, कापसाची प्रत ठरवणाऱ्या म्हाताऱ्या ग्रेडरच्या हातात माझा हात दिलात. ‘याला पुस्तक वाचता येईना. कापूस वाचायला शिकवा.’ माझं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं आहे. बोटांत रुई ओढून धागा किती लांब, ओल किती, हे मी डोळे मिटून सांगतो. लोक मानतात. पण तुम्ही समोर आलात की मी पुन्हा तो नापास पोरगा व्हायचो. तुम्ही कधी तसं वागवलं नाहीत. मलाच तसं वाटायचं.

म्हणून तर आपला तो वाद संपला नाही. मी म्हणायचो, ‘दाजी, हातात घेतल्याशिवाय कापूस कळत न्हाई. पाहिल्याशिवाय गाव कसं कळंल?’ तुम्ही म्हणायचात, ‘दिगंबरराव, सगळं जग हातात घ्यायला माणसाला किती हात लागतील?’

मे महिन्यात आम्ही सोनपेठला आलो की संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून सतरंज्या टाकायचो. परभणीकडचं ते ऊन, भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. तुम्ही उताणे पडून म्हणायचात, ‘आत्ता तिथं समुद्रावरून उत्तरेचा वारा सुटला असेल. रोज दुपारी सुटतो. म्हणून तर त्या देशातले श्रीमंत लोक उन्हाळ्यात तिथं जायचे.’ अक्का खालून ओरडायची, ‘मग जावा की तिकडं, कोण धरलंय? जाताना तेवढी पाण्याची मोटर चालू करून जावा!’ आपण हसायचो. दाजी, त्या हसण्यात तुमची केवढी इच्छा होती, हे मी कधी वजन करून पाहिलं नाही.

आणि जायला मिळालं ते मला. आमच्या शेठना तिकडचा लांब धाग्याचा कापूस बघायचा होता आणि बोटं माझी हवी होती. गावाचं नाव ऐकलं तेव्हा मी शेठना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. आनंद होता, पण त्यात आणखीही काही होतं. मला वाटलं, हे गाव त्यांचं आहे, आणि आता ते मी त्यांच्याआधी बघणार.

तुम्ही निरोप द्यायला खास एसटीने सेलूला आलात. एका पिशवीत तुमचा राखाडी स्वेटर, दुसऱ्या हातात छत्री. घरात सगळे होते. मी म्हणालो, ‘इजिप्तला छत्री? दाजी, उंटासाठी एखादा रेनकोट बी देऊन टाका!’ चुलतभाऊ बंडू तर लोळायला लागला. मेहुण्याला दाजीची चेष्टा करायचा हक्कच असतो आपल्यात. दाजी मानाचा, मेहुणा चेष्टेचा. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, ‘न्या हो. जानेवारी आहे. तुम्हाला लागेल.’ मी छत्री घेतली नाही. अक्काने डोळे वटारले म्हणून स्वेटर घेतला.

दारातून निघताना तुम्ही मला बाजूला घेतलंत. ‘एकच काम सांगतो. पुस्तकात पश्चिमी वारे म्हणून दिलंय. पण पाऊस आला की जरा उघड्यावर उभे राहा, आणि गालाला कुठून लागतो तेवढं बघून या.’ दुसरं काही मागितलं नाहीत. शंख नाही, फोटो नाही. एवढंच.

परत आलो तेव्हा शेतात हुरडा तयार होता. तुम्हाला मुद्दाम बोलावलं होतं. आगटीत भाजलेली कणसं चोळून पहिली मूठ जावयाच्या हातात द्यायची आमची पद्धत. बंडूने ती तुम्हाला दिली. तुम्ही ती तशीच ओंजळीत धरून माझ्याकडं बघत होतात. खात नव्हतात. ‘मग? पाऊस भेटला का?’

माझ्या तोंडात खरं उत्तर आलं होतं, दाजी. पण बंडू मधेच म्हणाला, ‘हां, दिगूदादा, सांग की! छत्री लागली का न्हाई?’ आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. मला दिसलं की आता मी खरं बोललो तर हसू माझं होणार आहे. पुन्हा एकदा तुमचं बरोबर, माझं चूक. मी म्हणालो, ‘कशाचा पाऊस घेऊन बसलात दाजी! चकाचक ऊन. थेंब न्हाई. तुमचं ते पुस्तक आता रद्दीत घाला.’

बंडू म्हणाला, ‘अरारा! दाजी, तुमचा पाऊस उंटानं पिला जनू!’

आगटीभोवती हशा उसळला. तुम्ही हसलात, आणि मग हलक्या आवाजात विचारलंत, ‘अजिबात नाही?’

‘अजिबात न्हाई.’

तुम्ही हुरडा तोंडात टाकला आणि ‘गोड आहे यंदाचा’ म्हणालात.

तेवढ्यावर ते संपलं असं मी धरून चाललो. चेष्टाच तर होती. दोन दिवसांनी फोन करून सांगून टाकू. दोन दिवसांनी वाटलं, फोनवर नको, भेटीत सांगू. दिवाळीला वाटलं, सणावाराला कशाला. एकदा सोनपेठच्या बसस्थानकावर तुम्ही मला सोडायला आला होतात. गाडीला उशीर होता. तुम्ही विचारलंत, ‘समुद्र कसा होता हो?’ मी म्हणालो, ‘निळा.’ तुम्ही वाट बघत राहिलात, आणखी काही येईल म्हणून. मी मोबाइल काढला. त्यानंतर तुम्ही त्या गावाचं नाव माझ्यापुढं कधीही काढलं नाहीत. रुसणारे जावई असतात. त्यांना समजावता येतं. तुम्ही रुसलाच नाहीत. चहा तसाच, चौकशी तशीच. फक्त मेमध्ये गच्चीवर पडलात तेव्हा समुद्राच्या वाऱ्याचं काही बोलला नाहीत. मी बाजूलाच होतो. मी वाट बघितली, दाजी. तुम्ही म्हणालात, ‘झोपा आता, सकाळी गाडी आहे.’

तुमच्या मागे भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. निवृत्तीनंतर तुम्ही दर शनिवारी सकाळी गोदाकाठच्या ज्या खेड्यातल्या शाळेत हौसेने भूगोल शिकवायला जायचात, तिथल्या मुख्याध्यापक बाई आल्या. मी त्यांना पाणी दिलं. त्या अक्काला सांगत होत्या, ‘सरांएवढा प्रामाणिक माणूस पाहिला नाही. या वयात वर्गापुढं उभं राहून म्हणाले, मुलांनो, मी इतकी वर्षं चूक शिकवलं. त्या इजिप्तमधल्या गावात हिवाळ्यात पाऊस नसतो. वह्यांतलं खोडा. मी म्हटलं, सर, पुस्तकात तर असतो म्हणून आहे. तर म्हणाले, मॅडम, आमचा माणूस जानेवारीत तिथं जाऊन आलाय. हवामान बदलायलंय. आपल्याकडं नाही का बदललं?’

तांब्या माझ्या हातात होता. मी तो कुठं ठेवला ते मला आठवत नाही.

बाई गेल्यावर मी अक्काला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली नाही.

‘मला वाटलंच होतं,’ ती म्हणाली. ‘स्वेटर आणून दिलास तो आटून लेकराचा झाला होता. मी यांना म्हणलं, कोरड्या गावात स्वेटर भिजतो कसा? तर म्हणे, दिगंबररावांच्या बायकोनं गरम पाण्यात धुतला असंल. मी म्हणलं, फोनवर बघा की तिथलं हवामान, आजकाल सगळं दिसतंय. तर माझ्यावरच चिडले. म्हणे, आपला माणूस डोळ्यानं बघून आलाय अन् मी फोनला विचारू? तो खोटं कशाला बोलंल? त्याला त्यात काय मिळणार?’

काय मिळालं, दाजी? आगटीभोवतीचं एक हसू. ते बंडूलाही आता आठवत नसेल.

आता ऐका. हे मी तुम्हाला त्या दिवशी सांगायला हवं होतं.

गाव अगदी तुमच्या फळ्यावरच्यासारखं आहे. लांबच लांब. समुद्राच्या कडेने एक रस्ता जातो तो संपतच नाही, आणि त्याला धरून इमारती, पिवळट दगडाच्या, खाऱ्या हवेनं पोपडे आलेल्या. आत दोन-चार गल्ल्या ओलांडल्या की ट्राम, आणखी आत गेलं की कापसाची जुनी गोदामं, आणि मग एकदम जमीन संपते आणि तळं. बोरूची दाट बेटं, चपट्या होड्या, बगळे. येलदरी धरणाच्या फुगवट्याला आपण मासे घ्यायला जायचो ना, तसाच ओला, शेवाळाचा वास. आणि एक गोष्ट तुम्हालाही माहीत नसेल. त्या तळ्याचं पाणी समुद्रापेक्षा खाली आहे. पंपाने उचलून ते समुद्रात टाकावं लागतं, नाहीतर शेतं बुडतील. हे ऐकलं तेव्हा मी मनात म्हणालो होतो, हे दाजींना सांगितलं की ते खडू मोडतील. खरंच म्हणालो होतो.

बेट आता बेट वाटत नाही. बांधाची जी जमीन झाली तिच्यावर दाट वस्ती आहे. वाळत घातलेले कपडे, गाड्यांचे हॉर्न. जुना दीपस्तंभ होता त्या जागी किल्ला आहे. त्याच्या तटावर उभं राहिलं की तुमची ती रेघ दिसते, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंचं पाणी. मी तिथं उभा होतो. शेठ खोलीत दोन पांघरुणं घेऊन पडले होते. मी एकटाच होतो, तुमचा स्वेटर घालून.

आणि पाऊस आला. आपल्याकडं नैर्ऋत्येला आभाळ भरतं, वास येतो, वेळ मिळतो. तिथं समुद्रच उठून आल्यासारखा आला. वायव्येकडून, दाजी. आडवा. माझ्या डाव्या गालाला लागला, कारण मी उत्तरेला समुद्राकडं तोंड करून उभा होतो. तुमचं बरोबर होतं. तोंडात आला तर खारट लागला. लाटांचे तुषार मिसळलेले होते. खाली लाटा रस्त्यावर येत होत्या. लोकांच्या छत्र्या उलट्या होत होत्या, म्हणजे तुमच्या छत्रीचाही तिथं टिकाव लागला नसता, हेही मला तुम्हाला सांगून तुमची खरी चेष्टा करायची होती. थोड्या वेळाने सगळं थांबलं. ऊन पडलं. इतकं धुतलेलं ऊन मी कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यात गुडघाभर पाणी, आणि कडेला एक जण गाड्यावर भाजलेली रताळी विकत होता, जसं काही झालंच नाही.

मला परत नेणारा टॅक्सीवाला आखातात हैदराबादच्या माणसांबरोबर राहिलेला होता. मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. मी कुडकुडत होतो, त्याला हसू येत होतं. ‘ये नव्वा है, नव्वा! हर साल आता. सबका नाम है.’ दाजी, त्यांच्या पावसांना नावं आहेत! थंडीत वादळ येतं त्याला ते नव्वा म्हणतात, आणि प्रत्येक नव्व्याचं वेगळं नाव, येण्याचा ठरलेला काळ. एकाचं नाव झाडू, हिवाळ्याच्या तोंडाला येऊन सगळं झाडून नेतो म्हणून. एकाचं नाव मोठा पूर. कोळी लोक त्यावर होड्या काढायच्या की नाही ते ठरवतात. आपण मृग, आर्द्रा, हत्ती म्हणतो तसंच. मी टॅक्सीतच म्हणालो, ‘हमारे यहाँ भी नाम है!’ आणि त्याला हत्तीचा पाऊस समजावून सांगत बसलो. परक्या माणसाला मी ते सांगितलं. ज्याच्यासाठी ते सगळं जमवून आणलं होतं त्याला ‘निळा’ म्हणून गप्प बसलो.

त्या गाडीत मला तुमची फार आठवण आली होती, हे तुम्हाला कुठून कळणार. बाजूची सीट रिकामी होती. मला वाटलं होतं, इथं दाजी बसलेले असते तर त्यांनी काच खाली केली असती, आणि मी ओरडलो असतो, ‘दाजी, भिजाल!’ आता मी रोज त्या गाडीत बसतो. काच रोज उघडी असते.

अक्काने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, ‘मला सांगून काय उपयोग? ज्यांनी वह्यांत खोडलंय त्यांना जाऊन सांग.’

काल शनिवार होता. मुख्याध्यापक बाईंना विचारून मी सकाळच्या शाळेत गेलो. अक्का बरोबर आली. मागच्या भिंतीपाशी खुर्चीवर बसली. पोरं खाली रांगेत. मला फळ्यावर नकाशा काढता येत नाही, म्हणून मी नुसताच उभा राहिलो आणि सांगितलं की तिथं जानेवारीत पाऊस पडतो, मी त्यात भिजलोय.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. ‘मंग सरांनी आमाला उलटं का सांगितलं?’

‘कारण मी त्यांना उलटं सांगितलं होतं.’

‘तुमी कोण?’

‘सरांचा मेहुणा.’

पोरं खुदखुदली. ती मुलगी हसली नाही. ‘खोटं का बोललाव तुमी?’

मी दाजी दाजी करत इतकी पानं लिहिली, पण ते उत्तर त्या मुलीपुढं एका वाक्यात द्यावं लागलं. ‘सरांपेक्षा मला जास्त कळतं असं एकदा तरी लोकांना वाटावं, म्हणून.’

तिने लगेच विचारलं, ‘मंग नंतर सरांना सांगितलं का?’

‘नाही. धीर झाला नाही. आणि मग ते गेले.’

अक्काने पदर तोंडाला लावला होता. मी पोरांपुढं हात जोडले. म्हणालो, ‘बाळांनो, तुमच्या सरांनी काही चूक शिकवलं नव्हतं. त्यांनी मला आपला माणूस मानलं आणि माझ्या शब्दासाठी तुमच्यापुढं स्वतःचं शिकवणं खोडलं. ते तुम्ही परत लिहा.’ समोर तुम्ही नव्हतात, पण आता थांबलो तर पुन्हा उद्यावर जाईल हे मला माहीत होतं. त्या सगळ्या लेकरांच्या देखत, मोठ्याने, मी म्हणालो, ‘दाजी, माझं चुकलं. मला माफ करा.’